मागे कोण बसतं?

गेल्या वर्षी गणपतीनंतर कधीतरी आईनं माझ्या गाडीवर बसणं बंद केलं. बंद केलं असं ती म्हणाली नाही. कोथरूडला मावशीकडे जायचं असलं की म्हणायची, "तू कशाला येतोस, मी बसनं जाते." मंडईत जायचं तरी बस. मी समजलो, तिला बसमध्ये ओळखीच्या बायका भेटत असतील. शिवाय माझा शनिवार मोडायला तिला आवडत नसेल. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही होतं.

त्याआधी वर्षभर ती मागे बसून एकच वाक्य म्हणत होती. "हळू चालव रे." धनकवडीतून निघालो की पहिल्याच स्पीडब्रेकरला, मग स्वारगेटच्या अलीकडे, मग पुन्हा नदीच्या पुलावर. मी तिला स्पीडोमीटर दाखवायचो. "आई, पस्तीसवर आहे मी. याहून हळू चालवली तर मागचे शिव्या घालतील." ती गप्प बसायची. माझ्या डोक्यात त्या वाक्याची नोंद 'आईला गाडीची भीती वाटते' अशी झाली होती. विषय बंद. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर, तिकीट क्लोज.

याच काळात तिची कंबर दुखत होती. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, पट्टा दिला, व्यायाम दिले. मी गुणी मुलासारखी तिच्यासाठी ऑनलाइन एक महागडी उशी मागवली, खुर्चीत पाठीमागे ठेवायची. घरात बामाचा वास यायचा, आणि मला वाटायचं, आपण काळजी घेतोय.

जानेवारीत ब्रेक शू बदलायला गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. सगळे त्यांना मामाच म्हणतात. गाडी दीडशे सीसीची, नऊ वर्षांची, साठेक हजार किलोमीटर पळालेली. मामांनी मागचं चाक काढताना शॉकअपवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट काळं, तेलकट.

"मागं कोण बसतं?"

"आई."

"ती काही बोलत नाही?"

"हळू चालव म्हणते."

मामा हसले नाहीत. काम संपल्यावर त्यांनी गाडी स्वतः चालू केली आणि म्हणाले, "बस मागं." आम्ही गल्लीतून मेन रोडला, तिथून शाळेला वळसा घालून परत आलो. पाच मिनिटं. नऊ वर्षं ही गाडी माझी आहे. तिच्या मागच्या सीटवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

पहिल्या स्पीडब्रेकरला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसरा आला तेव्हा मी मामांच्या खांद्याला धरलं. आणि तिसऱ्याला, जो मला दिसलाच नाही कारण समोर मामांची पाठ होती, माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "हळू, मामा."

मामा बहुतेक तिशीवर होते.

*

हे असं का होतं, हे नंतर मी नीट समजून घेतलं. सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

ज्याला आपण शॉकअप म्हणतो, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग. ती वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का स्वतः दाबली जाऊन गिळते. पण स्प्रिंगला गिळलेलं पचवता येत नाही. दाबली की ती तितक्याच जोरानं परत उसळते, मग पुन्हा दाबली जाते, पुन्हा उसळते. तिला आवरायला आत एक नळकांडं असतं. त्यात तेल असतं, आणि त्या तेलातून एक पिस्टन वरखाली जातो. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेलाला जबरदस्तीनं जावं लागतं. त्या घर्षणात धक्क्याची ताकद उष्णता होऊन संपते. तेल अडवणारं सील झिजलं की तेल बाहेर झिरपतं, दांड्यावर धूळ चिकटून काळा थर जमतो, आणि उरते नुसती स्प्रिंग. अशी गाडी उभी करून सीट जोरात दाबून सोडली तर ती एकदा वर येऊन थांबत नाही, दोन-तीनदा डुलत राहते. घरच्या घरी करता येणारी ही चाचणी आहे. अर्ध्या मिनिटाची. मी ती कधी केली नव्हती.

आता प्रश्न असा की हे मला, म्हणजे रोज चालवणाऱ्याला, कळलं कसं नाही?

पहिलं कारण भूमितीचं. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो. मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. मागचं चाक एक इंच वर फेकलं गेलं, तर मागच्याला तो जवळपास पूर्ण इंच मिळतो, पुढच्याला बराच कमी. दुसरं कारण शरीराचं. माझे हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला. मी खड्ड्यावर नकळत थोडा उचलला जातो, माझे पायच माझे शॉकअप होतात. आई साडी नेसून एका बाजूला बसते, कंबरेतून वळलेली, एक हात माझ्या खांद्यावर. तिचं सगळं वजन मणक्यावरून सीटवर. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं: मला खड्डा दिसतो. येण्याआधी अर्धा सेकंद का होईना, शरीर तयार होतं. तिला फक्त माझी पाठ दिसते.

चौथं कारण सवयीचं. सील एका दिवसात जात नाही. रोज थोडं बिघडलेलं माणसाला रोजच्यासारखंच वाटतं.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. टेस्टर येऊन सांगतो की हे चालत नाहीये, आणि डेव्हलपर म्हणतो, 'वर्क्स ऑन माय मशीन'. माझ्या मशीनवर तर चालतंय बुवा. याचे टी-शर्ट मिळतात, मग मिळतात. मी हा विनोद शंभरदा ऐकलाय, दहादा केलाय. आणि वर्षभर स्पीडोमीटरवर बोट ठेवून मी आईला तेच सांगत होतो.

*

मागच्या सीटचा इतिहास पाहिला तर मी एकटाच नाही असं दिसतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नव्हतं. चाक थेट फ्रेमला. पण चालवणाऱ्याच्या खोगिरासारख्या सीटखाली मात्र स्प्रिंगा असायच्या. मागे कुणी बसणार असेल तर अनेक गाड्यांवर त्याच्यासाठी मडगार्डवर एक गादी ठोकलेली असे. पुढच्याला स्प्रिंग, मागच्याला गादी. हे कुणी दुष्टपणे ठरवलं नसावं. जो गाडी विकत घेतो आणि चालवतो, त्याची तक्रार कारखान्यापर्यंत पोचते, इतकंच. पुढे दोन्ही बाजूंना शॉकअप असलेली मागची रचना रुळली आणि मागच्याचेही हाल कमी झाले. पण ती रचना रुळण्यात चाक रस्त्याला चिकटून राहावं, गाडी वेगात ताब्यात राहावी, याचा वाटा मोठा होता. मागच्याचं सुख बरंचसं त्याच्याबरोबर आलं.

आपल्याकडे मात्र मागच्या माणसाचा विचार करणारा एक नियम आहे, आणि तो मला फार आवडतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं चाक झाकणारं कवच हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. गाडी स्टायलिश दिसावी म्हणून आपल्यातले कितीतरी जण शोरूममधून आणल्या आठवड्यात ते काढून टाकतात. मीही काढलं होतं. आई बसायला लागल्यावर परत लावलं.

रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ सालचं पुस्तक आमच्यासारख्यांच्या कपाटात असतंच. गाडीची देखभाल आणि मनाची देखभाल यांवर त्यात पानंच्या पानं आहेत. मी ते कॉलेजात वाचलं तेव्हा माझं सगळं लक्ष पुढे बसलेल्या, विचार करणाऱ्या बापाकडे होतं. त्याच्या मागे त्याचा मुलगा ख्रिस बसलाय, अकरा वर्षांचा, अर्धा देश ओलांडून चाललाय. शेवटाकडे तो फूटरेस्टवर उभा राहतो आणि त्याला पहिल्यांदा बापाच्या खांद्यावरून समोरचा रस्ता दिसतो. तोवर त्याला पाठच दिसत होती. हा प्रसंग मला आठवतही नव्हता. यंदा परत वाचताना तो सापडला.

*

शॉकअपची नवी जोडी नाना पेठेतून आणली. जोडीच घ्यायची असते, एकच बदलला तर दोन बाजू दोन तऱ्हेनं वागतात. दुकानदारानं मॉडेल विचारलं, साल विचारलं, "कंपनीचा का लोकल?" विचारलं. कंपनीचे घेतले. अडीच हजारांच्या आसपास गेले. मामांकडे बसवून घेतले असते तर मजुरीचे आणखी दोनतीनशे. पण मी ठरवलं, आपण स्वतः घरी बसवायचे.

का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला नीट विचारला नाही. पैशांसाठी नव्हतं. थोडं कुतूहल होतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप नावाचा विषय असतो, त्यात लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून 'जॉब' करायचा असतो. माझा जॉब निम्म्याहून जास्त दुसऱ्याच कुणीतरी घासलेला होता. डिग्री मिळाली, पण बोल्ट किती आवळला म्हणजे पुरे, हे हाताला माहीत नव्हतं. पण कुतूहलापेक्षा मोठा भाग अपराधीपणाचा होता. आपण दुखवलं, तर आपल्याच हातानं दुरुस्त करू, हात काळे करू, म्हणजे फिटेल.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर लावली. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. चाकाखाली लाकडी फळी सरकवली, कारण शॉकअप काढला की चाक खाली लोंबकळतं. एका वेळी एकच बाजू काढायची, म्हणजे दुसरी बाजू चाकाला धरून राहते. डावी बाजू वीस मिनिटांत झाली. वरचा नट, वायसर, खालचा बोल्ट, जुना ओढून बाहेर, नवा आत. खालचं भोक जुळेना, तेव्हा वॉचमनकाकांनी चाक किंचित उचलून धरलं. उजव्या बाजूला सायलेन्सर आडवा येत होता, तो ढिला करण्यात तास गेला. दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काय रे, आयटीत ना तू? मेकॅनिक परवडत नाही होय?" प्रेमानंच म्हणाले. पण ग्रीस लागलेले हात पगाराशी जुळत नाहीत, असा त्या प्रेमाचा अर्थ होता.

एक वाजता सगळं संपलं. सीट दाबून सोडली. गाडी एकदाच वर आली आणि थांबली. मी आनंदानं पाने गोळा करायला वाकलो, आणि फळीखाली एक वायसर दिसला.

छोटा, साधा, रुपयाच्या नाण्याएवढा. तो कुठल्या बाजूचा, वरचा की खालचा, काहीच कळेना.

त्या क्षणाबद्दल मला खरं लिहायचंय. मला भूक लागली होती. पाठ आखडली होती. सायलेन्सरशी पुन्हा झगडायची अजिबात इच्छा नव्हती. डोकं लगेच वकिली करायला लागलं: नट घट्ट आहेत, गाडी हलत नाहीये, एका वायसरनं काय होणार? हा आवाज माझ्या ओळखीचा होता. शुक्रवारी संध्याकाळी स्क्रीनवर पिवळी वॉर्निंग दिसते आणि कोड तरीही चालतो, तेव्हा तो येतो. तिथे त्याचं ऐकून चालतं, कारण बिघडलं तर मागची आवृत्ती परत लावता येते. इथे बिघडलं तर ते कात्रजच्या उतारावर बिघडणार होतं, आणि परत लावण्यासारखं काही नव्हतं. मग दुसरा विचार आला, जास्त अवघड. मी एकटा चालवणार असतो तर ही जोखीम माझी होती. पण हे सगळं मी जिच्यासाठी करत होतो, तिनंच माझ्या पहिल्यावहिल्या प्रयोगावर बसायचं होतं. माझं अपराधीपण फिटावं म्हणून. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

सध्या दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली आणि मोबाइल, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं यांच्यासोबत वाहनंही त्यात धरली. मी या हक्काच्या पूर्ण बाजूनं आहे. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्याला उघडता आली पाहिजे. पण मोबाइल उघडताना बिघडला तर माझाच बिघडतो. गाडीचं तसं नाही. तिथे हक्क माझा आणि परिणाम मागच्याचा, अशी वाटणी होऊ शकते.

मी दोन्ही बाजू पुन्हा खोलल्या. वायसर उजव्या बाजूचा, वरचा होता. तीन वाजले.

*

संध्याकाळी गाडी मामांकडे नेली आणि सगळं सांगितलं, वायसरसकट. त्यांनी चारही जागी पाना लावून बघितला. दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगखालची कडी सारख्याच खाचेवर आहे का ते बघितलं. त्या कडीनं स्प्रिंग किती आधी दाबून ठेवायची ते ठरतं, म्हणून तिथेही त्यांचा तोच प्रश्न: मागे कोण बसतं, वजन किती? मग म्हणाले, "चल, तू चालव, मी मागं बसतो. एकट्यानं ट्रायल घेऊन काय कळणार?"

शाळेला वळसा घालून आलो. उतरून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बघायचे पन्नास." मला ते पन्नास रुपये द्यायला फार बरं वाटलं. तपासणं हे काम आहे, आणि माझं काम मीच तपासू शकत नव्हतो. मी पुढे बसलेला होतो.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाची एक प्रसिद्ध कल्पना आहे, १९७१च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मधली. समाजाचे नियम ठरवताना असं समजा, की तुमच्यासमोर अज्ञानाचा पडदा आहे. त्या समाजात तुम्ही श्रीमंत असाल की गरीब, धडधाकट की आजारी, हे तुम्हाला ठाऊक नाही. मग तुम्ही आपसूकच न्याय्य नियम कराल. गाडीच्या भाषेत, आपण पुढे बसणार की मागे हे माहीत नसताना शॉकअप निवडा.

कल्पना सुंदर आहे. पण माझी अडचण अशी, की कल्पनाशक्ती माझ्याकडे होतीच. आईवर प्रेमही होतं. तरीही वर्षभर मला काही कळलं नाही, पाच मिनिटं बूड टेकल्यावर कळलं. शिवाय बसून कळलं तेही अर्धंच. माझा मणका अठ्ठावीस वर्षांचा आहे, तिचा सत्तावन्न. मी दोन्ही पाय टाकून बसलो होतो, ती एका बाजूला बसते. तिच्या जागी बसूनही मी ती होत नाही. म्हणजे जागा बदलून बघणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. उरतं ते एकच: मागचा माणूस जे सांगतो त्यावर विश्वास ठेवणं, त्याला ते आपल्या भाषेत सांगता येत नसलं तरी. आईला 'शॉकअप गेलाय' असं म्हणता येत नव्हतं. 'हळू चालव' ही तिला येणारी सगळ्यात अचूक तक्रार होती. मी त्या वाक्यातला वेग ऐकला, दुखणं ऐकलं नाही.

ऑफिसात आम्ही ॲपचा वेग सरासरीनं मोजतो. जरा शहाणे झालो की शंभरातल्या सगळ्यात वाईट पाचांचा, मग एकाचाही आकडा बघतो. पण जो वैतागून सोडून गेला, तो पुढच्या महिन्यात कुठल्याच आकड्यात नसतो. आमचा आलेख उलट सुधारलेला दिसतो. आई बसनं जायला लागली, तेव्हा माझ्या गाडीबद्दलच्या तक्रारी शून्यावर आल्या होत्या.

तिची कंबर गाडीमुळेच दुखत होती, असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टर म्हणतात वयही आहेच. पण तिनं गाडी सोडली ती त्यामुळे का, हे मी शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुला वाईट वाटलं असतं. तू हौसेनं न्यायचास."

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं की शॉकअप मी स्वतः बसवलेत, मामांनी तपासलेत, आणि तिला नको वाटलं तर बस आहेच. ती जरा वेळ गाडीकडे बघत राहिली, मग पदर खोचून बसली. मावशीकडे पोचेपर्यंत काही बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, "रस्ता नवा केलाय वाटतं."

परत येताना मात्र एका खड्ड्याला तिनं नेहमीसारखं म्हटलं, "हळू रे." माझा डोळा सवयीनं स्पीडोमीटरकडे गेला. मग मी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "कुठे लागलं?"